आजचे धर्म उद्या पुराणकथा होणार का, हे कसं तपासायचं

हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते विज्ञान पुढे गेलं की सगळे देव गोष्टीच्या पुस्तकात जाणार, दुसरी म्हणते आमचा धर्म कशाला संपतोय. ते जरा बाजूला ठेवा आणि जे धर्म खरंच संपले त्यांचं काय झालं ते आधी बघा.

इजिप्तमध्ये आस्वानजवळ फिली इथे इसिस देवीचं मंदिर आहे. तिथे एस्मेत-आखोम नावाच्या माणसाने इ.स. 394 च्या ऑगस्टमध्ये चित्रलिपीत एक लेख कोरला आणि तो कायम राहो असंही लिहिलं. वडील त्याच देवीचे पुजारी. त्या लिपीतला आपल्याला माहीत असलेला हा शेवटचा लेख! म्हणजे श्रद्धा आटली नव्हती हो, पण 391-92 मध्येच रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजा आणि बळी बंद करायचे हुकूम काढले होते, राजाश्रय गेला, लिपी शिकणारी पुढची पिढी आली नाही, आणि सहाव्या शतकात जस्टिनियनने हे मंदिरही बंद केलं, मग आत चर्च झालं. आज लोक तिथे तिकीट काढून फोटो काढायला जातात.

त्यामुळे गोष्टी खऱ्या वाटतात का हे विचारत बसू नका, त्याने काही कळत नाही. बारसं, लग्न, मयत यांना अजून त्याच धर्माचा माणूस बोलावतात का, त्याचं घर त्यावर चालतं का आणि त्याची मुलं ते शिकतायत का, हे बघा. माझ्या मते खरी नाडी इथेच लागते.

डोकी मोजूनही निष्कर्ष काढू नका. 2011 च्या जनगणनेत भारतात पारशी 57,264 होते, तरी गुजरातमधल्या उदवाड्याच्या अग्निमंदिरातला अग्नी तेवता आहे आणि मुलांना धर्मात घेण्याचे विधी, म्हणजे नवजोत, होतायत, मग त्याला पुराणकथा कसं म्हणणार?

आणि देव वेगळा, धर्म वेगळा मोजा, हे तर फार महत्त्वाचं. ऋग्वेदात सगळ्यात जास्त सूक्तं इंद्राची, आणि आज त्याचं देऊळ शोधत फिरावं लागेल, आपल्याला तो आठवतो तो सिंहासन डळमळलं म्हणून अप्सरा पाठवणारा. म्हणजे तो गोष्टीतलं पात्र झालाच ना, पण धर्म चालूच आहे, आणि गुरुजी आजही पूजेत 'स्वस्ति न इन्द्रो वृद्धश्रवाः' म्हणतात. मला वाटतं आजच्या बऱ्याच धर्मांचं असंच होईल, एकेक देव, एकेक कथा गळत जाईल आणि बाकीचं चालत राहील.

शेवटचं म्हणजे उलटा प्रवासही तपासा. आइसलंडने साधारण इ.स. 1000 ला ख्रिस्ती धर्म घेतला, थोर आणि ओडिन हे तिथले जुने देव कथांमध्ये उरले, आणि 1973 मध्ये तिथल्या सरकारने त्याच देवांना मानणाऱ्या संस्थेला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली, आता त्यांच्यात लग्नं लागतात, अंत्यविधी होतात. यांची नातवंडं काय करतात त्यावर लक्ष ठेवा.