मोगल्स बघताना नजर गुडघ्यांवर ठेवा

मोगल्स म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांनी भरलेल्या उतारावरून स्कीवर वळणं घेत आणि मध्ये दोन उड्या मारत खाली येण्याची स्पर्धा. महिलांची मोगल्स स्पर्धा पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास उड्यांवर खूश होतो. पण शंभरातले साठ गुण वळणांना असतात. उड्यांना वीस, वेगाला वीस. म्हणून नव्याने बघायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी गुडघे बघायला सांगते.

ते दिसावेत याची सोय खेळाडूंनीच केलेली असते. पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर उठून दिसणाऱ्या रंगाचे तुकडे असतात. पंच खाली, उताराच्या पायथ्याशी बसतात आणि तिथून त्यांना हे दोन ठिपके वरखाली होताना दिसतात. ठिपके एकमेकांना चिकटून, एका लयीत हलत असतील तर काम चोख. मध्येच फट पडली, एक गुडघा मागे राहिला, की गुण गेलेच म्हणून समजा.

एखाद्या फेरीचा रीप्ले लावा, समालोचन बंद करा आणि पडद्यावर खेळाडूचा कमरेखालचा भाग हाताने झाका. डोकं आणि खांदे इतके स्थिर खाली यायला हवेत की खाली सपाट बर्फ आहे असं वाटावं. आता हात वर घ्या आणि फक्त पाय बघा. उंचवट्यावर गुडघे जवळजवळ छातीला टेकतात आणि पुढच्या खोलगटात पाय पुन्हा लांब होतात, म्हणजे स्की बर्फ सोडत नाहीत. वरची शांतता आणि खालची धावपळ यांत जितका फरक, तितकी ती बाई तयारीची. मला या खेळात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

बर्फाचा फवाराही बघा. प्रत्येक वळणाला तो बाजूला भसकन उडत असेल, तर ती स्की आडवी घसरवून वेग मारते आहे. चांगली खेळाडू स्कीच्या कडेवर वळते आणि वरून खालपर्यंत आपली सरळ रेषा सोडत नाही. वळणांना पाच पंच असतात. त्यांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात.

उड्या दोनच, आणि त्या वेगवेगळ्या प्रकारच्या हव्यात. उडी किती अवघड आणि ती किती नेटकी झाली, दोन्ही मोजलं जातं. माझं लक्ष मात्र उडीनंतरच्या पहिल्या दोन उंचवट्यांवर असतं. 2014 साली सोची ऑलिंपिकमध्ये आधीची विजेती, अमेरिकेची हॅना कर्नी पहिल्या उडीनंतरच डगमगली आणि तिला कांस्यपदक मिळालं. सुवर्ण आणि रौप्य जस्टिन आणि क्लोई ड्युफूर-लापॉइंट या कॅनडाच्या बहिणींना गेलं.

वेगाचं गणित सोपं आहे: उताराच्या लांबीवरून एक ठरावीक वेळ काढतात आणि खेळाडूची वेळ तिच्याशी ताडून बघतात.

सरावासाठी दोन अंतिम फेऱ्या सुचवते. 2018, प्याँगचँग: फ्रान्सची पेरीन लाफाँ 78.65, जस्टिन 78.56. इथे गुणफलक झाकून बघा आणि विजेती कोण ते आपलं आपण ठरवा. फार कठीण जातं. मग 2022, बीजिंग: ऑस्ट्रेलियाची जकारा अँथनी 83.09, अमेरिकेची जेलिन कॉफ 80.28. कॉफ वेगासाठी ओळखली जाते, तरी सुवर्ण अँथनीला मिळालं. आधी तिचे गुडघे बघा, मग खांदे, की हा फरक कुठून आला ते कळेल.

दुहेरी मोगल्स 2026 पासून ऑलिंपिकमध्ये आलं. दोघी शेजारी-शेजारी उतरतात आणि सात पंच मिळून 35 गुण त्यांच्यात वाटतात. नजर साहजिकच पुढे असलेलीकडे जाते, पण आधी पोचली म्हणजे जिंकली असं नाही. तिथे मी पहिल्यांदा मागे पडलेलीकडे बघते: गाठायच्या घाईत तिची रेषा सुटते का, ते.