फोस्टर पालक व्हायचंय? परवाना मिळेपर्यंतची तयारी

फोस्टर पालक म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळासाठी आपल्या घरी सांभाळणारे पालक. त्यांच्याकडे आलेलं मूल बहुतेकदा पुढे आपल्या आई-वडिलांकडे किंवा नातेवाइकांकडे परत जाणार असतं. हे घरातल्या प्रत्येकाला, तुमच्या स्वतःच्या मुलांनाही, मनापासून पटलं असेल तरच अर्ज करा. मूल कायमचं हवं असेल तर आधी दत्तकाची चौकशी करा.

१. अर्ज
बालकल्याण विभाग किंवा मान्यताप्राप्त संस्थेकडे नाव नोंदवा. ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा, आरोग्याचा दाखला आणि तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या माणसांची नावं लागतात. पोलीस पडताळणी सहसा घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीची होते. जुनं किरकोळ प्रकरण असेल तर स्वतःहून सांगा. त्याचा खुलासा देता येतो. लपवलेलं उघडकीस आलं की विश्वासच संपतो.

२. प्रशिक्षण
हे उरकून टाकू नका. अशा मुलांचं वागणं समजून घ्यायला इथेच शिकता येतं. उपासमार सोसलेलं मूल पोटभर जेवूनही उशीखाली पोळी लपवतं. ती चोरी नव्हे, उद्याची भीती असते. रागावलात तर लपवणं वाढतं. त्याचा हात पोचेल अशा जागी खाऊचा डबा ठेवा आणि तो कधीच रिकामा होऊ देऊ नका.

३. घरपाहणी
घर मोठं नसलं तरी चालतं. मुलाला स्वतःचा पलंग आणि कपड्यांसाठी जागा हवी. औषधं, फिनेल, ॲसिड कुलपात ठेवा. आजीच्या उशाशी असलेल्या गोळ्या नेमक्या विसरल्या जातात. खिडक्या, बाल्कनी, गॅस, धुराचा अलार्म तपासून घ्या. पाहणीला आलेले संस्थेचे कार्यकर्ते तुमचं बालपण, नवरा-बायकोची भांडणं, शिक्षेबद्दलची मतं असं सगळं विचारतात. पाठ केलेली उत्तरं देऊ नका.

४. कोणतं मूल?
‘कोणतंही चालेल’ असं लिहू नका. वय, संख्या, आजारपण यांबद्दल आपली मर्यादा स्पष्ट सांगा. झेपलं नाही म्हणून मूल परत पाठवावं लागलं, तर त्याच्यासाठी ते आणखी एकदा घर तुटणं असतं. जमत असेल तर भावंडांना एकत्र घ्यायची तयारी जरूर दाखवा. त्यांना शक्यतो वेगळं करू नये, असं संयुक्त राष्ट्रांची २००९ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, पण दोन-तीन मुलांना एकदम घेणारी घरं कमीच मिळतात.

५. मूल पाठवतोय, असा संस्थेचा फोन आला की
ॲलर्जी, औषधं, शाळा, झोपेच्या सवयी आणि कोणाला भेटू द्यायचं, कोणाला नाही, हे विचारून लिहून घ्या. शस्त्रक्रियेला संमती कोण देणार, हे लेखी मागा. मुलासोबत आलेले कपडे त्याला न विचारता धुवू नका. त्यांना त्याच्या घराचा वास असतो. त्याच्या आई-वडिलांबद्दल त्याच्यासमोर वाईट बोलू नका. त्याचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका.

औषध, भेटीगाठी, पडणं-लागणं त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा. परवाना ठरावीक मुदतीचा असतो. घर बदललं किंवा कोणी नवं माणूस राहायला येणार असेल, तर नूतनीकरणाची वाट न पाहता संस्थेला आधीच कळवा.