अभयारण्यात काम करायचंय? अर्जाआधीची तयारी

अभयारण्यातून उच्चदाब वाहिनी, पाइपलाइन किंवा कारखान्याचा कन्व्हेयर न्यायचा असेल तर ही तयारी पोर्टल उघडायच्या आधी करा. शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असेल तर निदान एक गोष्ट घेऊन जा: पोचरस्ता. पोचरस्ता नकाशावर दाखवा. खाली हे पुन्हा येणार आहे, आणि एकदाच नाही.

सुरुवात जागेपासून. ती नेमकी कशात बसते? अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, संवर्धन राखीव, व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, बफर, पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र की नुसतं राखीव वन, यावर पुढची सगळी वाट ठरते. ‘वनखात्याची परवानगी’ नावाची एकच चीज नसते. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करायची असेल तर १९८० चा वन कायदा लागतो (२०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झालंय). अभयारण्यातल्या कामाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ लागतं आणि राष्ट्रीय उद्यानाला कलम ३५(६). प्रकल्प २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत बसत असेल तर पर्यावरण मंजुरी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी माफ होत नाही. साहेबांना हे आधीच लेखी सांगून ठेवा, नाहीतर ‘पर्यावरण मंजुरी आली ना, मग काम का थांबलंय’ हे तुम्हालाच ऐकावं लागेल.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहोत म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारा वाघाचा भ्रमणमार्ग तुमच्या जागेवरून जात असेल तर त्याच वन्यजीव कायद्याचं कलम ३८-ओ लागू होतं. मग राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता, दोन्ही हवं. विदर्भात तर हे आधी तपासाच. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ लिहिलेलं असेल तर ती महसूलची पडीक जमीन समजू नका. ती वनजमीनच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. आणि खाण असेल तर अभयारण्याच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत विषयच संपला.

कलम २९ मूळ मजकुरात एकदा वाचा. फार लांब नाही. अधिवासाचं नुकसान तर त्यात आहेच, पण अभयारण्यात येणारं किंवा बाहेर जाणारं पाणी अडवणं, वळवणं, वाढवणंही आहे. तुमचा पाइपलाइनचा चर ज्या ओढ्याला छेदतो तो ओढा पावसाळ्यानंतर कोरडा असला तरी या कलमाखाली येतो. आणि परवाना देताना शासनाने बघायचं ते वन्यजीवांची सुधारणा आणि चांगलं व्यवस्थापन. कारखान्याला वीज लागते, हे कारण त्या कलमात कुठेच नाही. म्हणून उपशमन आराखडा, म्हणजे वन्यजीवांना होणारा त्रास कमी कसा करणार याचा आराखडा, शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून उचलू नका. बांधकामाचं डिझाइन होतानाच तो व्हायला हवा. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली, त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे आणि पुढे कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ त्याखालून जाताना दिसले. डिझाइन गोठल्यावर असलं काही जोडता येत नाही.

कंपनीचे कागद, ठराव, अधिकारपत्र, प्रकल्प अहवाल हे तुम्हाला माहीत आहे. पुढे चला.

नकाशा. इथे वेळ घाला. परिवेश या केंद्राच्या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर केएमएल फाइल, म्हणजे जागेची हद्द अक्षांश-रेखांशात दाखवणारी फाइल, जाते. त्यातलं क्षेत्र आणि अर्जात लिहिलेलं क्षेत्र दशांशापर्यंत जुळलं पाहिजे, नाहीतर ईडीएस (अपुरी माहिती पूर्ण करा, असं पत्र) येतो, आणि प्रत्येक ईडीएस म्हणजे फाइल परत तुमच्या दारात. वनखात्याचे कक्ष क्रमांक आणि महसूलचे गट क्रमांक दोन्ही लिहा. बीटचा वनरक्षक कक्षाच्या भाषेत बोलतो, तलाठी गटाच्या.

आता पोचरस्ता. मागच्या फाइलमध्ये आमच्याकडून हेच राहिलं. टॉवरच्या जागा होत्या, तारांखालचा पट्टा होता, हेक्टरचा हिशेब चोख होता. मंजुरीपत्र हातात, क्रेन नाक्यावर, आणि वनरक्षकाचा साधा प्रश्न: टॉवरपर्यंत जाणार कुठून? तिथे बैलगाडीची जुनी वाट होती. ती नकाशावर नव्हती, आणि असती तरी क्रेनला पुरली नसती. सुधारित प्रस्ताव म्हणजे फाइल पुन्हा तळापासून चढवायची.

म्हणून पोचरस्त्याची रुंदी किती, लांबी किती, वळणावर ट्रेलर फिरेल का, त्यासाठी कुठलं झाड जाईल, मुरूम टाकणार असाल तर तो कुठून आणणार, हे सगळं अर्जात हवं. ‘अस्तित्वात असलेल्या वाटेचा वापर केला जाईल’ हे वाक्य लिहून सुटका होत नाही, कारण वाट रुंद केली की ती नवीन रस्त्यात मोजतात. पोचरस्त्याबरोबर त्याची भावंडंही आलीच: साहित्य उतरवायची जागा, तारांचे ड्रम आणि ताण देणारं यंत्र उभं करायची जागा, पाण्याचा टँकर, जनरेटर, खोदलेली माती टाकायची जागा, मजुरांचा तळ. यातलं जे अभयारण्याबाहेर ठेवता येईल ते बाहेर ठेवा आणि बाहेर आहे हेही नकाशावर दाखवा. ठेकेदार म्हणेल, ते आम्ही साइटवर बघून घेऊ. त्याला बघू देऊ नका. अर्जाआधी त्याच्या साइट इंजिनिअरला उन्हात घेऊन जा आणि गाडी कुठून येणार ते त्याच्याकडून जमिनीवर दाखवून घ्या. ठेकेदार अजून नेमला नसेल तर त्या धंद्यातल्या कुणाला तरी घेऊन जा.

भूगर्भ चाचणीसाठी बोअर घ्यायचे असतील तर तेही आधी लेखी विचारा. मंजुरीच्या अर्जासाठी लागणारी चाचणी म्हणून ती आपोआप चालते असा गैरसमज सर्रास आहे. कॅमेरा ट्रॅप लावायला आत जाणाऱ्या अभ्यासकालासुद्धा प्रवेशाचा परवाना लागतो.

प्रजातींचा अभ्यास. इथे घाई करणारे सल्लागार पुष्कळ. एका ऋतूत आठवडाभर फिरून दिलेला अहवाल घेऊ नका. गोंदियाकडे सारस पावसाळ्यात, भातखाचरांच्या भागात घरटी करतो. एप्रिलमध्ये जाऊन ‘घरटी आढळली नाहीत’ लिहिणं खरंही आहे आणि निरुपयोगीही. खवले मांजर रात्रीचं, त्याला दिवसा शोधणारा पगार वाया घालवतो. भीमाशंकरसारख्या भागात शेकरूची घरटी मोजून शेकरू मोजू नका, एकच शेकरू अनेक घरटी बांधतं. शिवाय त्याचा रस्ता झाडांच्या शेंड्यांवरून जातो. तारांसाठी पट्टा मोकळा केला की तो रस्ता तुटला, म्हणून तोडीची झाडं नुसत्या संख्येने न मांडता दोन बाजूंचे शेंडे कुठे जुळतात ते दाखवा.

झाडगणती करताना लोक छातीच्या उंचीवरचा घेर लिहितात आणि पुढच्या झाडाकडे जातात. ढोली लिहा. रानपिंगळा, जो शतकाहून अधिक काळ नामशेष समजला जात होता आणि १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला, तो ढोलीत घरटं करतो. वाळकं, पोखरलेलं, लाकूड म्हणून बिनकिमतीचं झाडच त्याला लागतं, आणि तोडीच्या यादीत तेच सर्वांत आधी ‘हरकत नाही’ म्हणून निघून जातं. गणती करणाऱ्या माणसाच्या तक्त्यात ढोलीसाठी वेगळा रकाना करून द्या. रकाना असला की माणूस मान वर करून बघतो.

वन्यजीव कायद्याच्या अनुसूची, म्हणजे प्रजातींच्या याद्या, तपासा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा अनुसूचींच्या चार झाल्या. जुनी अनुसूची चार आणि आताची चार यांचा काही संबंध नाही. आताची आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या प्रजातींची आहे. जुन्या अहवालातला तक्ता जसाच्या तसा चिकटवला की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं की तुम्ही काही बघितलेलं नाही.

आणखी एक, जे साइटवर कुणालाच माहीत नसतं. कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं शिकार आहे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी, घरटी विसकटणं हीसुद्धा शिकार आहे. चरात पडलेलं कासव उचलून पलीकडे सोडू, घोरपडीला हुसकावू, असं सुपरवायझरने स्वतःच्या मनाने करायचं नाही. सर्पमित्राचा नंबर भिंतीवर चिकटवणं म्हणजे परवानगी नव्हे. प्राणी हलवायची वेळ येणारच असेल तर त्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मूळ प्रस्तावासोबतच मागा.

पर्यायी मार्ग. किमान दोन खरे पर्याय, खरे म्हणजे ज्यांवर तुम्ही स्वतः फिरून आलात असे. अभयारण्य टाळून जाणारा मार्ग लांबचा आणि महाग आहे एवढंच लिहून भागत नाही. अकोला-खांडवा रेल्वेच्या रुंदीकरणात मेळघाटातून जाणाऱ्या टप्प्यावर सगळा वाद पर्यायी मार्गावरच येऊन थांबला होता. प्रत्येक पर्यायाचं वनक्षेत्र, झाडं, लांबी, खर्च एकाच तक्त्यात मांडा. आणि हो, प्रत्येक पर्यायाचा पोचरस्ताही त्याच तक्त्यात. कधी कधी टॉवरची जागा उत्तम असते आणि तिथवर जायचा रस्ता गवताळ माळ उभा चिरत जातो. ते तक्त्यात दिसलं तर तुमचं तुम्हालाच कळेल की पर्याय दोन बरा.

फाइल चढते ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापासून: उपवनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक, मुख्य वन्यजीव रक्षक, मग मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचं राज्य वन्यजीव मंडळ, मग केंद्रात पर्यावरणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची राष्ट्रीय मंडळाची स्थायी समिती. मंडळांच्या बैठका तुमच्या वेळापत्रकाने होत नाहीत. एक बैठक हुकली तर पुढची कधी, हे कुणी सांगत नाही. ग्रामसभा आणि वनहक्कांचा भाग समांतर चालवा, तो शेवटी ठेवणारे शेवटी रडतात.

संयुक्त स्थळपाहणीला कंपनीचा मोठा अधिकारी नसला तरी चालेल, पण ज्याला जागा पाठ आहे तो हवा. जुन्या वनरक्षकाबरोबर चाला. पाणवठा कुठे, अस्वलाची वाट कुठे, मागच्या उन्हाळ्यात वणवा कुठून आला, हे कुठल्याही अहवालात नसतं. आणि त्याला पोचरस्त्यावरून चालवा. टॉवरच्या जागेवर सगळे जातात, फोटो काढतात, परततात. पोचरस्त्यावर कुणी जात नाही. पंचनाम्यात पोचरस्त्याचा उल्लेख आला का ते सही करण्याआधी वाचा. नसेल तर तिथेच घालायला लावा, नंतर कुणी घालत नाही.

मंजुरी आली की अटी वाचा, अभिनंदनाचे मेसेज नंतर. बहुतेक पत्रांत रात्री काम नाही, आत मजुरांचा मुक्काम नाही, सरपणासाठी लाकूड नाही, नवीन रस्ता नाही अशा धर्तीच्या अटी असतात. ‘नवीन रस्ता नाही’ हे दोनदा वाचा. तुमचा पोचरस्ता मंजूर नकाशात असेल तर ही अट तुम्हाला सोसते, नसेल तर सगळं काम तिथेच बसतं. अटी मराठीत करून ठेकेदाराच्या कार्यादेशाला जोडा आणि भंगाचा दंड त्याच्या बिलातून असं लिहा, त्याशिवाय त्या साइटपर्यंत पोचत नाहीत. मजुरांना गॅस तुम्ही द्यायचा आहे, त्याची तरतूद खर्चात धरा. सुरुंग लावायचा विचार असेल तर सोडून द्या; अभयारण्यात वन्यजीवांना धोका होईल अशी स्फोटकं आणि रसायनं कलम ३२ ने बंद आहेत.

काम सुरू झाल्यावर: गाड्यांची नोंदवही नाक्यावर. वेग कमी. चर संध्याकाळी उघडा ठेवायचा नाही, ठेवलाच तर एका टोकाला उतार. तारांवर पक्ष्यांना दिसतील असे डायव्हर्टर मंजुरीत असतील तर तार ओढतानाच लावा, नंतर लावायला वाहिनीची वीज पुन्हा बंद करून घ्यावी लागते. मेलेला प्राणी दिसला तर हात लावायचा नाही, तो सरकारी मालमत्ता आहे. लगेच वनविभागाला कळवा आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा.

काम संपलं की तळ उचला, माती सारखी करा, पोचरस्ता बंद करायची अट असेल तर बंद केल्याचा पंचनामा घ्या. अटींच्या पालनाचा अहवाल दर वर्षी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे द्यायचा असतो. तो प्रकल्पाच्या माणसाकडे ठेवू नका, त्याची बदली होते. देखभाल विभागाच्या नावावर टाका.