‘स’ म्हणताना हवा कुठून सुटते, ते आधी ऐका

“पाचवं संपत आलं, तरी साखरेला ‘थाखर’च म्हणतो. थांबू की घेऊन येऊ?” नेरूळला स्पीच थेरपिस्ट म्हणून बसते, तिथे असे फोन नेहमीचे. मी सांगते, त्याला आरशासमोर उभं करा आणि लांब ‘स्स्स’ म्हणायला लावा.

जीभ दातांमधून डोकावत असेल, तर साडेचार-पाच वर्षांपर्यंत घाई नको. पुष्कळ मुलांचं आपोआप सुटतं. पुढचे दुधाचे दात पडल्यावरही काही काळ असं होतं. पण जीभ दिसत नाही आणि ‘स’ मात्र ओला, फसफसता येतो, म्हणजे हवा जिभेच्या कडांवरून निसटतेय. हे सहसा वयाबरोबर जात नाही. तिथे वाट बघू नका.

बऱ्याचदा ठोस कारण सापडतच नाही, जिभेला वळण तसं पडलेलं असतं. अंगठा चोखून पुढच्या दातांत फट राहते. सर्दी-ॲलर्जीने तोंड उघडं ठेवणाऱ्या मुलांची जीभ पुढे येऊन बसते. आणि कान! ‘स’ वरच्या पट्टीतला, हलका आवाज. तो नीट ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कसं? म्हणून मी आधी श्रवणचाचणी करून घेते. जिभेखालचा पडदा कापायची गरज नुसत्या ‘स’साठी क्वचितच पडते. आजीच्या वेखंडाने हवेची दिशा बदलत नाही, एवढंच नम्रपणे सांगते.

सराव कानापासून सुरू करा. तुम्ही मधूनच ‘सात’ऐवजी ‘थात’ म्हणा, चूक त्याने पकडायची. मोठ्यांची चूक पकडायला मुलांना भारी आवडतं. मग ‘चूल’, ‘चाक’मधला च घ्या. तो साफ येत असेल तर दात हलके मिटून लांबवायचा: ‘च्स्स्स’. मागे उरतो तो ‘स’. हवा कडेने जात असेल तर सरबताची नळी पुढच्या दातांसमोर धरा. हवा मधून आली की नळीतून आवाज येतो, नाहीतर नळी गप्प.

सुटा ‘स’ पक्का झाला की सा, सी, सू आणि मग शब्द. आमच्याकडे लोकलची स्टेशनं कामाला येतात: सानपाडा, सीवूड्स, घणसोली, मानसरोवर. ‘श’ही बिघडलेला असेल तर नंतर वाशी आणि खांदेश्वर. रोज पाच-दहा मिनिटं पुरेत. पाहुण्यांसमोर “नीट बोल” अजिबात नको.

कॉलेजातली मुलं विचारतात, उशीर झाला का? नाही. फक्त सवय जुनी, म्हणून स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावं लागतं. गिळताना जीभ दातांवर रेटली जात असेल, तर तारा लावणारे डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघं हवेत. नाहीतर तारा काढल्यावर जीभ दात पुन्हा ढकलू शकते.

थेरपिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते बेधडक विचारा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेतही तपासणी होते. कुठेही गेलात तरी कानाचे जुने रिपोर्ट आणि मुलाच्या घरातल्या बडबडीचं छोटं रेकॉर्डिंग सोबत न्या, कारण अनोळखी खोलीत बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत.