पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर : जुन्या गाडीच्या या चुका टाळा

जुनी गाडी मिसिंग करू लागली, पिकअप गेला की आधी कार्ब्युरेटर उघडला जातो. दोष मात्र बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, कॅपखाली असतो. म्हणून कार्ब्युरेटरच्या जेटला हात लावण्याआधी पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन संपर्क, तपासा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गॅप (उघडलेल्या पॉइंटमधलं अंतर) न बघता टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावणं. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर, म्हणजे शाफ्टच्या पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्यांवर, घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. अशा वेळी नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवला तर गाडी काही दिवस बरी चालते, पण मूळ दोष तसाच राहतो. आधी गॅप, मग टायमिंग. गॅप बदलला की टायमिंग हललंच समजा, ते पुन्हा तपासायचं.

गॅप मोजताना टाच कॅमच्या अगदी उंचवट्यावर हवी. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांत तो ०.३५ ते ०.५० मिमीच्या दरम्यान असतो. फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पात्यांचं) पातं आधी पुसून घ्या, कारण त्यावरचं तेल पॉइंटवर लागलं की जळून काळा थर बसतो. स्क्रू आवळताना गॅप हमखास सरकतो, तेव्हा आवळून झाल्यावर परत मोजा.

वापरलेल्या पॉइंटवर फिलर गेज फसवतं. एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा तयार झालेला असतो. पातं उंचवट्यावर अडतं आणि खरा गॅप मोजमापापेक्षा जास्त निघतो. इथे ड्वेल मीटरच लावावा; ड्वेल म्हणजे शाफ्ट फिरताना पॉइंट मिटलेले राहतात तो कोन. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून रेस वाढवली आणि तरी ड्वेल बराच हलला, तर शाफ्टचे बुश झिजलेले असू शकतात. शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा. खेळ जाणवला तर नवे पॉइंट घालून काही साधणार नाही.

पॉलिश पेपरने पॉइंट घासू नका. त्याचे कण टंगस्टनमध्ये रुततात. अडीअडचणीला बारीक कानस चालेल, पण पुढे पॉइंट बदलाच.

नव्या पॉइंटबरोबर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी आवरणारा छोटा भाग, बदलायची सवय आहे. माझ्या मते जुना नीट चालत असेल तर तोच ठेवावा आणि नवा गाडीत जपून ठेवावा. पॉइंट लवकर जळत असतील किंवा त्यांच्यात मोठ्या ठिणग्या उडत असतील, तर मात्र कंडेन्सरवर संशय घ्या.

कॅमला काडीच्या टोकाएवढं ग्रीस पुरतं. जास्त झालं की उडून पॉइंटवर बसतं. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला, पुसून उपयोग नाही.

एक दोष भलतीकडे शोधला जातो. पॉइंटकडे जाणारी बारीक वायर बेसप्लेटबरोबर (पॉइंट बसवलेल्या पत्र्याबरोबर) सतत हलते आणि आवरण शाबूत असताना आतून तुटते. आयडलिंगला गाडी छान, रेस दिली की बंद. वायर बोटाने हळूच ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर आतली तार तुटलेली आहे.

आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका. पॉइंट मिटलेले असतील तर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि ती तापून खराब होते.