मृगाच्या तोंडावर गुळवेल लावताना

पहिला दमदार पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की गुळवेलीच्या कांड्या लावायला घ्या. जून-जुलैत लावलेली कांडी सहसा वाया जात नाही. पण त्याआधी बांधापलीकडे कोणतं पीक आहे ते बघा.

संत्रा, मोसंबी किंवा डाळिंबाची बाग जवळ असेल तर गुळवेल लावूच नका. फळातला रस शोषणारा पतंग गुळवेल आणि वासनवेलीसारख्या रानवेलींच्या पानांवर अंडी घालतो. अळी त्याच पानांवर वाढते. मखमली, काळसर अंग, त्यावर डोळ्यांसारखे गोल ठिपके, आणि चालताना पाठीची कमान होते. पतंग मात्र रात्रीच्या अंधारात बागेत शिरून पिकायला लागलेल्या फळात सोंड खुपसतो. छिद्र टाचणीच्या टोकाएवढं, पण फळ दाबलं की त्यातून रस येतो. मग तिथून बुरशी शिरते, फळ सडतं आणि गळून पडतं. अशा बागांच्या आसपासच्या गुळवेली काढून टाकायला सांगतात, त्याचं कारण हेच. स्वतःच्या परसातल्या एका वेलीपायी शेजाऱ्याचा बहार धोक्यात घालू नये.

ही अडचण नसेल तर गुळवेल जरूर लावा. इतकी कमी मागणारी देशी वेल दुसरी क्वचितच सापडेल. कांडी जुन्या वेलीची, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, वीतभर लांब आणि किमान दोन डोळ्यांची, म्हणजे फूट येणाऱ्या दोन गाठींची घ्या. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत एक डोळा मातीत, एक वर असा ठेवा. शेंडा-बुडखा उलटा करू नका. दीड-दोन महिन्यांत रोप जागेवर लावता येतं. पाणी साचणारी जागा टाळा, बाकी हलकी मुरमाड जमीनही चालते. आधाराला मोठा कडुनिंब उत्तम, नाहीतर तारेचं कुंपण. आंब्याच्या लहान कलमावर मात्र चढवू नका, वेल शेंडा झाकून टाकते.

कांडी ओळखीच्या वेलीचीच घ्या. गुळवेलीसारखीच दिसणारी एक दुसरी जात आहे. तिचं खोड राखाडी आणि गाठाळ असतं, कापल्यावर दुधासारखा चीक येतो. आयुष मंत्रालयानेही २०२२ साली या दोन वेलींतला फरक सांगितला होता.

थंडी सरता सरता पानं पिवळी पडून झडतात आणि उन्हाळ्यात नुसती दोरखंडं लोंबत राहतात. वेल मेली समजून अनेकजण ती उपटून टाकतात, याचं फार वाईट वाटतं. नखाने साल खरवडून बघा. वरचा पातळ पापुद्रा सुटून खाली हिरवं दिसलं, तर वेल जिवंत आहे. काढणीलाही हाच काळ बरा. अंगठ्याएवढी जाड खोडं जमिनीपासून फूटभर ठेवून कापा, पावसाबरोबर बुंधा पुन्हा फुटतो. तुकडे सावलीत वाळवा, ओले पोत्यात भरले तर बुरशी धरतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर भागातले कातकरी बांधव रानातली गुळवेल गोळा करून वनधन केंद्रामार्फत, म्हणजे रानातला माल विकण्यासाठीच्या सरकारी योजनेतल्या केंद्रामार्फत, विकतात. आपणही विक्रीसाठी लावणार असाल, तर खरेदीदाराला ओली हवी की वाळलेली, हे लावणीआधीच विचारून घ्या.

घरी काढा घेणार असाल आणि मधुमेहाची औषधं चालू असतील, यकृताचा त्रास असेल किंवा घरात गरोदर बाई असेल, तर वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.