विद्यापीठाजवळ खोली बघताय?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नंबर लागलाय ना? मग हॉस्टेल मिळेपर्यंत राजारामपुरीत बघा. आखून वसवलेला भाग, गल्ल्यांना सरळ नंबर. रिक्षावाल्याला ‘आठवी गल्ली’ म्हटलं की झालं. सायबर चौक ओलांडला की विद्यापीठ. पण १९६२चं हे विद्यापीठ ८५३ एकरांत पसरलंय, तेव्हा गेटपासून आपला विभाग किती आत आहे ते आधी बघा. जुनी सायकल घ्याच.

खोली बघायला पावसात जा. कपाट सरकवायला सांगा, मागची भिंत हातानं चाचपा. पोपडे निघाले तर डिपॉझिट खिशातच ठेवा. मालक म्हणतील, “नवा रंग देतो की!” ओल रंगानं जात नाही, भावा. नळाला पाणी कधी येतं ते शेजारच्या काकूंना विचारा. आणि मेस लावताना रविवारी रात्रीचं जेवण असतं का, तेवढं बघा.